ओढ्यापर्यंत

नाही, तिथे नाही, त्या बाजूला बसा. ती जागा त्याची आहे. कोणाची म्हणजे — तो काय, लाकडी माणूस. आधी वर फळीवर असायचा, पण रोज चढून त्याची धूळ झटकणार कोण, म्हणून खाली उशीवर बसवलाय. हसा, हसा. आमची पोस्टवाली तामिए पण हसते. एकट्या माणसाने दोन कप चहा करायचा तर दुसरा कोणासाठी, काहीतरी निमित्त पाहिजे ना. तुमच्या हातातला त्याचाच आहे. प्या, तो काही बोलणार नाही.

तर काय विचारत होतात — हिसाओ लहानपणी कसा होता. रडका होता. लिहा, रडका. माझा धाकटा भाऊ, सात वर्षांनी लहान, पोटाचा नाजूक, घरात कोंबडी कापली की दोन दिवस जेवायचा नाही. आणि जन्माला कुठे आला, तर अस्वलं मारणाऱ्यांच्या घरात. बाबा म्हणायचे, हे पोर देवळात पोचवायचं होतं, चुकून आपल्याकडे टाकलं. आता तुमच्या वाचनालयात त्याच्या नावाची खोली करताय, काचेच्या कपाटात त्याचा चष्मा ठेवताय, पेन ठेवताय — ठेवा, माझं काय जातंय. चाळीस पुस्तकं लिहिली म्हणे, सगळी जनावरांची. मला त्यातलं कोणतं आवडतं ते विचारू नका. मी तिसरीत शाळा सोडली. मला माझं नाव लिहिता येतं आणि काडतुसांच्या खोक्यावरचं वाचता येतं, तेवढ्यात आयुष्य निघालं. पुस्तकं त्या कपाटात आहेत, दरवर्षी एक यायचं. तामिए वाचून दाखवते. तिला दुसरं काम नसतं — म्हणजे असतं, पण बसते बिचारी अर्धा तास.

तो डोंगरात गेला कसा, ते ह्याच्यामुळे. ह्या लाकडाच्या माणसामुळे, म्हणजे ह्याच्या आधीचा होता त्याच्यामुळे. आमच्यात बारा जणांनी डोंगर चढायचा नाही. डोंगरातल्या देवीला बारा लेकरं, तो आकडा तिचा, आपण घेतला की ती चिडते. बारा भरले की लाकडाचा तेरावा बरोबर न्यायचा, त्याला पण भात वाढायचा, नाव घेऊन हाक मारायची. त्या वसंतात नेमके बारा भरले आणि लाकडी माणूस काढून बघतो तर उंदरांनी अर्धा खाल्लेला. बर्फ घट्ट झालेलं, अस्वलं बाहेर पडायला लागलेली, नवा कोरत कोण बसतो. बाबांनी हिसाओला बखोटीला धरून उभं केलं. दहा वर्षांचा होता. म्हणाले, हा आपला तेरावा, लाकडाएवढं तरी गप्प बसेल.

गप्प कसला बसतो. मादी मी मारली. माझी पहिली. सतरा वर्षांचा होतो, सगळी टोळी माझी पाठ थोपटत होती, आणि हा तिकडे ढोलीत हात घालून पिल्लू काढून बसलेला. मांजराएवढं होतं. कोटात घातलं आणि कोट दोन्ही हातांनी धरून बसला. बाबांनी एक ठेवून दिली, तरी सोडलं नाही. तेवढ्यापुरता रडका नव्हता. हे पण लिहा, नाहीतर म्हणाल म्हातारा वाईटच सांगतो.

कुरो नाव ठेवलं. काळं म्हणून कुरो — नावात काही डोकं चालवलं नाही, आणि पुढे झाला लेखक. पेज पाजली त्याला, आपल्या पांघरुणात घेतलं. उन्हाळाभर दोघं चुलीपाशी एकावर एक पडलेले. आता खरं सांगायचं तर माझ्याही पायावर झोपायचं ते. जड व्हायचं, पण उठवत नव्हतो मी. थंडी सुरू होईपर्यंत चांगलं कुत्र्याच्या दुप्पट झालं. शेजारणीने वळचणीला वाळत टांगलेली फळं खाल्ली, ठीक आहे, भरून देता येतात, पण तिच्या नातीच्या दंडाला पंजा लागला. खेळतानाच. पण अस्वलाचं खेळणं. टाके पडले पोरीला. बाबा मला म्हणाले, बर्फ पडायच्या आत.

हां, जागा. त्यासाठीच आलात, माहीत आहे मला. पिल्लू सोडलं ती जागा. तिथे पाटी लावणार, शाळेच्या सहली येणार. त्याच्या पहिल्याच पुस्तकात आहे सगळं — थोरला भाऊ पिल्लाला ओढ्यापलीकडे नेतो, सोडतो, आणि पिल्लू एकदाही मागे वळून बघत नाही, सरळ निघून जातं. पोरांना तोंडपाठ आहे म्हणे. जागा आहे ना. दाखवतो. चहा तरी संपवू द्या. घाई कसली, बस चारला आहे.

आता हे काय काढलंत पिशवीतून. डबी? त्याच्या टेबलाच्या खणात — बघू. इकडे द्या. माझा चष्मा कुठे गेला.

अंजीर नाही हे, बाई. सुकलेलं अंजीर वाटलं तुम्हाला. पित्त आहे. अस्वलाचं. पिशवीसकट काढायचं, चुलीवर टांगायचं, मग दोन फळ्यांत दाबून वाळवायचं. पोटाला ह्याच्यासारखं औषध नाही, तांदळाच्या दाण्याएवढं कोमट पाण्यातून, बस. मीच पाठवलं होतं. तो त्रेचाळीसचा होता, दवाखान्यात पोट कापलं होतं त्याचं. तेव्हा पत्रं यायची त्याची. नवीन वर्षाला एक, पितरांच्या दिवसांत एक. दोन-दोन पानं. हे पाठवलं आणि पत्र बंद. पुस्तक यायचं, पण आत चिठ्ठी नाही, ओळ नाही. बघा, कोपरासुद्धा खरवडलेला नाही. छत्तीस वर्षं खणात ठेवलं. टाकलं पण नाही.

का म्हणजे. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, की एका ठरावीक वर्षानंतर त्याच्या गोष्टींत माणूस येतच नाही, नुसती जनावरं, आणि मोठे मोठे लोक त्यावर लेख लिहितात, पण कोणाला कळत नाही. मोठ्या लोकांना काय कळायचंय. तळहातावर ठेवून बघा ते. मोठ्या अस्वलाचं पित्त तळहात भरून असतं. हे अंगठ्याएवढं. रडका असला तरी शिकाऱ्याचा पोरगा तो, डबी उघडल्याबरोबर कळलं असणार. आमच्या गावात पिल्लू कोणी मारत नाही. कोणीच नाही, कधीच नाही. एकच —

घरात दुसरं नव्हतं हो. बाबा गेले, टोळी मोडली, मी बंदूक खाली ठेवून किती वर्षं झालेली, बाकीचं सगळं केव्हाच विकून झालं होतं. हे तेवढं राहिलं होतं. विकवलं नाही म्हणून राहिलं. त्याचं पोट कापलंय, एवढंच डोक्यात. डबीत घातलं, कागदात गुंडाळलं, पोस्टात दिलं, घरी येऊन पोटभर जेवलो पण. दोन दिवसांनी लाकडं फोडताना एकदम आठवलं की आपण काय पाठवलं. तसाच पळत गेलो पोस्टात. पोचलं होतं.

सोडलं होतं मी त्याला. तीनदा. पहिल्यांदा ह्या मागच्या टेकडीवर, दिवस मावळायच्या आत परत. दुसऱ्यांदा ओढ्यापलीकडे, चांगलं लांब, आणि मी दमून घरी येतोय तर हा माझ्या आधी पायरीवर बसलेला. हिसाओ नाचला. म्हणाला, दादा, त्याला घर सापडतं. तिसऱ्यांदा बंदूक घेतली. हिसाओ शाळेत. ओढ्यापलीकडे बसलो दोघं, माझ्या डब्यातला भाताचा गोळा त्याच्यापुढे ठेवला. बाबांनी सांगितलं होतं, पित्त आणून दाखव, मगच मानेन. संध्याकाळी हिसाओ विचारतो, दादा, त्याने मागे वळून बघितलं का. म्हटलं, नाही, एकदाही नाही. मान खाली घालून खात होता तो. कुठे वळून बघणार.

लिहायचं थांबलात तुम्ही. हे लिहून घेतलंत का — खोडा. नाही, राहू दे. तुम्हाला काय करायचं ते करा.

दरवर्षी पुस्तक आलं की तामिएला पहिलं एवढंच विचारतो, माणूस आहे का गं ह्यात. ती म्हणते, नाही आजोबा, ह्या वेळी कोल्हा आहे. नाही आजोबा, ह्या वेळी हंस. मग म्हणतो, वाच. त्याच्या शेवटच्या क्रियेला पण गेलो नाही मी. बोलावलं नाही असं नाही, बोलावलं होतं. गुडघे. म्हणजे गुडघेच असं नाही.

शेवटचं म्हणता ते पुस्तक, अजून छापायचंय ते — त्यात — नको. सांगू नका. तोंड मिट, पोरी, नको सांगूस. माणूस असला तरी नको, नसला तरी नको. छापून आलं की तामिए वाचेल.

आणि पाटी लावा खुशाल. ह्या घरामागून वाट जाते, ओढा ओलांडला की सपाट दगड आहे मोठा, चुकायचा नाही. फक्त सोडलं असं लिहू नका. लिहा, थोरल्या भावाने पिल्लाला इथपर्यंत आणलं. तेवढंच. त्यात खोटं काही नाही, आणि पोरांना पुढचं पुस्तकातलं पाठ आहेच.

डबी राहू दे इथे. काचेच्या कपाटात नाही ठेवायची ती. तिकडे, त्याच्या शेजारी ठेवा, उशीवर. हं. निघा आता, गुडघे बरे असते तर थांब्यापर्यंत आलो असतो. बस थांबत नाही कोणासाठी. आणि जाताना दार ओढून घ्या, गार वारा येतोय.