कॉनीलीच्या तिकिटावर

कोलिन : खड्डा बुजवू? मावशी, सकाळपासून खणतोय मी. वीतभर मातीखाली नुसता खडक आहे तिथे. कंबर ढिली झाली माझी.

बाबिन : बुजवायला तेवढा वेळ लागत नाही.

कोलिन : अगं, तीन वाजता फादर यायचेत. ती बाई अमेरिकेहून बापाची राख घेऊन आलीय. काल तूच म्हणालीस ना, की कॉनीलींच्या कबरींच्या जागेत आता मीच काय ती मोठी, माझी परवानगी आहे, खण? म्हणून खणलं. घरातल्या मोठ्या माणसाने हो म्हटल्याशिवाय मी कुणाच्या कबरीला फावडं लावत नाही.

बाबिन : काल हो म्हटलं. आज नाही म्हणतेय.

कोलिन : तुला जागा कमी पडेल म्हणून? बिस्किटाच्या डब्याएवढी राख आहे. तिचा काय अडथळा होणार तुला?

बाबिन : मेल्या, जागेची काळजी असती तर लग्न केलं असतं आणि नवऱ्याच्या कबरीत गेले असते.

कोलिन : मग त्या बाईचं काही चुकलं का? चार दिवस तुला आत्या आत्या करतेय, भांडी घासतेय, कोंबड्यांना दाणे टाकतेय. कॉनीलींमध्ये इतकं गोड माणूस मी आजवर बघितलं नव्हतं.

बाबिन : तेच तर. ती कॉनीली नाहीच.

कोलिन : घ्या. तिच्या पासपोर्टवर कॉनीली, भावाच्या बोटीवर कॉनीली. गॉलवेच्या दुकानातून कुळाची ढाल विकत घेतलीय तिने, वर समुद्रातला तो सील प्राणी कोरलेला. पोर्टलंडच्या चर्चमध्ये म्हणे रविवारी तीन बाकं नुसत्या कॉनीलींनी भरतात.

बाबिन : भरत असतील. तिन्ही बाकं एकाच तिकिटावर गेलेली आहेत.

कोलिन : म्हणजे काय? नीट सांग ना.

(लोरेटा मागच्या दाराने आत येते. कापडात गुंडाळलेला डबा तिने छातीशी धरला आहे.)

लोरेटा : मी बाहेर बाकावरच बसले होते, आत्या. खिडकी उघडी आहे.

बाबिन : माहीत आहे. मला ठसका येतो एवढा धूर झाला तरी मी खिडकी उघडत नाही. आज उघडली.

कोलिन : धन्य आहे तुझी.

लोरेटा : माझं काही चुकलं असेल तर स्पष्ट सांगा. पण बाबांना मी परत घेऊन जाणार नाही. मी त्यांना शब्द दिलाय.

बाबिन : बस आधी. कोलिन, चहा ओत तिला. आणि तूही बस, मी हे एकदाच सांगणार आहे. पोरी, तुझ्या बापाने जाताना काय सांगितलं? त्याच्याच शब्दांत सांग, आपलं काही घालू नकोस.

लोरेटा : 'मला माझ्या आजीजवळ ठेव.' एवढंच.

बाबिन : तिला त्याने पाहिलं होतं का?

लोरेटा : कुठून पाहणार? पण आजोबा सारखे तिच्याबद्दल बोलायचे. ती डावखुरी होती. डाव्या हाताने विणायची, म्हणून तिने विणलेले मोजे कुणीही ओळखायचं. आणि रागावली की बोलायची नाही. तीन तीन दिवस चूल, गाय, विहीर, सगळं करायची, पण तोंडातून शब्द नाही.

बाबिन : माझी आजी उजव्या हाताने विणायची. आणि रागावली की पलीकडच्या बेटावरचे लोक दारं लावून घ्यायचे.

लोरेटा : पण तुमची आजी तीच माझ्या बाबांची आजी ना? मार्टिन कॉनीली म्हणजे तुमचे धाकटे काका. ते १९१३ साली इथून पोर्टलंडला गेले, ते माझे आजोबा. माझ्याकडे जहाजाच्या यादीची प्रत आहे. नाव, वय, गाव, सगळं जुळतं.

बाबिन : यादीत नाव मार्टिनचंच आहे. जहाजात मार्टिन नव्हता.

कोलिन : मग कोण होता?

बाबिन : मध्ये बोलू नकोस. ऐक, लोरेटा. माझी थोरली आत्या, मार्टिनची बहीण, पोर्टलंडला लोकांच्या घरी धुणीभांडी करायची. दोन वर्षं पोटाला चिमटा काढून तिने भावाचं तिकीट काढून पाठवलं, त्याच्या नावाचं. जहाजाला नऊ दिवस होते आणि मार्टिनच्या पायात बूट नव्हते. अनवाणी गेला तर अमेरिकेत उतरवून घेणार नाहीत, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं. एकटाच होडी घेऊन खाडीपलीकडे बूट आणायला गेला. संध्याकाळी होडी आली. रिकामी आली.

लोरेटा : मला हे कुणीच सांगितलं नाही.

बाबिन : सांगणार कोण? माझी आजी त्या किनाऱ्यावर उभी होती. तिच्याबरोबर शेजारीण होती, त्या समोरच्या घरातली. आता तिथे छप्परही नाही. नवरा गेलेला, एकच मुलगा, आणि जमीन म्हणशील तर खडक. मुलगा मार्टिनच्याच वयाचा, फेस्टी मल्केरिन. माझ्या आजीने होडी बघितली, आणि शेजारणीला म्हणाली, एक गेला तो गेला. तिकीट कशाला बुडवायचं?

कोलिन : आई गं.

बाबिन : सकाळी पोलीस आला, कोण बुडालं म्हणून विचारायला. मार्टिन बुडाला म्हणावं, तर जहाजात कोण चढणार? म्हणून फेस्टी बुडाला असं सांगितलं. सगळ्या गावाने तेच सांगितलं. इथे काय, आडनावाने कोण कुणाला हाक मारतंय? आडनाव लागतं पोलिसाला, पोस्टाला आणि जहाजाला. त्या तिघांना एक नाव दिलं, आणि आपापल्या कामाला लागले लोक.

कोलिन : म्हणजे दफनभूमीच्या त्या भिंतीकडेच्या दगडावर 'फेस्टी मल्केरिन, समुद्रात बुडाला' असं लिहिलंय, तो... मी दर उन्हाळ्यात तिथलं गवत कापतो, मावशी. टोपी काढतो त्याच्यासमोर.

बाबिन : काढत जा. चांगला माणूस होता. पोर्टलंडला स्वतःच्या अंथरुणात मेला.

लोरेटा : एकसष्ट साली. मी तेरा वर्षांची होते. आम्ही त्यांच्या दगडावर मार्टिन कॉनीली लिहिलंय.

बाबिन : लिहिणारच. बाई, तो चहा पी. थंड होतोय.

लोरेटा : आणि तुमची ती आत्या? बंदरावर घ्यायला आलेली. तिला तर स्वतःचा भाऊ माहीत असणार.

बाबिन : भावाला घ्यायला आली, आणि समोर शेजारचा पोरगा उभा. त्याने काय सांगितलं देव जाणे. तिने त्याला घरी नेलं आणि मार्टिन म्हणून सगळ्यांना ओळख करून दिली. एवढंच मला कळलंय.

लोरेटा : तिनेच त्यांचं लग्न लावून दिलं. माझ्या बाबांना ती सख्ख्या आत्यासारखी होती. म्हणजे, आम्ही तिला सख्खीच समजत होतो.

कोलिन : पण मावशी, तुझा तर तेव्हा जन्मही नव्हता. तुला कसं कळलं? आजीने सांगितलं?

बाबिन : ती कसली सांगते. मला आधी पत्रांवरून कळलं. दर नाताळाला अमेरिकेचं पत्र यायचं, आजीच्या नावाने. 'प्रिय आई' म्हणून सुरू, 'तुझा मार्टिन' म्हणून शेवट. इंग्रजीत असायचं. आजीला इंग्रजी येत नव्हतं, मी शाळेत जायचे, म्हणून मी वाचायचे आणि आपल्या भाषेत सांगायचे. नऊ वर्षांची असेन. पत्र आलं की समोरची म्हातारी विणकाम घेऊन यायची आणि चुलीपाशी बसायची. कुणी काही म्हणायचं नाही, शेजारीण आहे, येऊन बसली. मी वाचायला लागले, 'आई, इथे थंडी फार आहे, तुझे मोजे घालतो', की माझी आजी आगीत बघत बसायची आणि ही दुसरी रडायची. डोळे पुसायची नाही. विणतच राहायची. दोन नाताळ मी ते बघितलं. तिसऱ्या नाताळाला मला कळलं की आई कुणाची आहे.

लोरेटा : तिने कधीच सांगितलं नाही? की हा माझा मुलगा आहे?

बाबिन : सांगितलं असतं तर त्याला जहाजात घालून परत पाठवलं असतं, असं सगळ्यांना वाटायचं. खरं-खोटं कोण जाणे. तिने जिवंत पोरासाठी छाती बडवून आक्रोश केला, चारचौघांत. काळं नेसली ती मरेपर्यंत. आणि माझ्या आजीने स्वतःच्या पोरासाठी काळं नेसलं नाही. पण फेस्टीच्या प्रार्थनेला ती गेली आणि इतकी रडली, इतकी रडली, की लोक म्हणाले, शेजार असावा तर असा.

कोलिन : मला नाही जमलं असतं हे.

बाबिन : तुला साधं गुपित पोटात ठेवता येत नाही. आजीने मरताना मला बाकीचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, तोंड उघडू नकोस, तिकडे त्याची पोरंबाळं आहेत. पंचाहत्तर वर्षं उघडलं नाही.

लोरेटा : मग आज का उघडलंत? मी आले त्या दिवशी उघडायचं होतं. चार दिवस मी तुम्हाला आत्या म्हणतेय, तुम्ही ऐकून घेताय. मला राग आलाय, खोटं कशाला बोलू. माझ्या नातवाचं नाव आम्ही मार्टिन ठेवलंय.

बाबिन : रागाव. हक्क आहे तुझा. मला ते आत्या ऐकायला आवडत होतं, म्हणून गप्प बसले. मला आत्या म्हणणारं कोणी नाही. परवापर्यंत मी म्हणत होते, राख काय, आमच्यात ठेवली काय नि दुसरीकडे ठेवली काय. पण काल जेवताना तू म्हणालीस, बाबांना आजीजवळ जायचं होतं. मग मी ताट बाजूला सारलं. आमच्या जागेत त्याची आजी नाही गं, ती तिकडे भिंतीकडे आहे, त्या दगडापाशी. तो मेल्यावरसुद्धा शेजाऱ्यांकडेच बसला असता.

लोरेटा : म्हणजे आम्ही कॉनीली नाहीच. तो सील, ती गोष्ट, काहीच आमचं नाही.

कोलिन : कुठली गोष्ट? पोरी सील झाल्या ती?

लोरेटा : हो. जुन्या काळी कॉनीलींच्या पोरी सील होऊन समुद्रात गेल्या, म्हणून कॉनीलीने सीलला मारायचं नाही. बाबांनी साठ वर्षं शेवंडं धरली. सील यायचे, सापळ्यातलं आमिष खायचे. बंदरातल्या बाकीच्या बोटींवर बंदुका असायच्या. आमच्या बोटीवर नव्हती. आजोबांची ताकीद होती, आपण कॉनीली आहोत, आपल्याला चालत नाही. लोक हसायचे बाबांना. एका वर्षी तर बोट विकायची वेळ आली, तरी नाही.

बाबिन : हे फेस्टीने सांगितलं होतं?

लोरेटा : हो.

बाबिन : बघ आता. मल्केरिन सील मारायचे गं. तेल काढायचे त्याचं, दिव्याला. फेस्टीच्या बापाने तर काठीने मारलेत, माझ्या वडिलांनी बघितलंय. आणि ह्याने नाव घेतलं, तर नावाचं पथ्यसुद्धा घेतलं. दोन पिढ्या पाळलं. आमच्या घरात माझ्या भावाने दोन मारले होते, गुपचूप.

कोलिन : मामाने? आणि मला म्हणायचा, हात लावलास तर हात वाळेल.

बाबिन : म्हणून सांगते, लोरेटा, तुमचं नाव बदलायला जाऊ नका. नातवाला मार्टिनच म्हणा. आमच्या माणसाचं नाव कुठेतरी जेवतंय, खेळतंय, हे मला बरं वाटतं. इथे तर ते माझ्याबरोबर जाणार.

लोरेटा : मग तुम्हाला आत्या म्हणू की नको?

बाबिन : म्हण की. आता कुठे सवय लागलीय.

कोलिन : पावणेतीन झाले. मला कुणीतरी सांगा, खणायचं कुठे. भिंतीकडे माती मऊ आहे, पंधरा मिनिटांत होईल. पण मल्केरिनांच्या जागेत मी परवानगीशिवाय खणणार नाही. आणि त्यांच्यातलं तर कोणी राहिलं नाही.

बाबिन : डोळे आहेत का तुला? तुझ्यासमोर बसलीय ती. विचार तिला.

कोलिन : अं... बाई, तुमच्या जागेत खणू का?

लोरेटा : थांबा. आत्या, तुमच्या आजीने तिकीट दिलं नसतं तर मी जन्मले नसते. आता तिच्याजवळ जागा दिलेली असताना आम्ही उठून पलीकडे गेलो, तर तिला काय वाटेल?

बाबिन : तिला वाटेल, चला, शेजारणीचं पोर एकदाचं तिच्याकडे परत गेलं. तिकीट दिलं होतं ते पोरगं जगावं म्हणून, ठेवून घ्यायला नाही. आणि मोठमोठ्याने सांगेल सगळ्यांना.

लोरेटा : मग खणा, कोलिन.

कोलिन : आणि तो पहिला खड्डा? तो बुजवू?

बाबिन : तो राहू दे उघडा, फादर येईपर्यंत. आमच्या मार्टिनसाठी दोन शब्द बोलायला सांगते त्यांना. त्र्याण्णव वर्षं झाली, त्याच्या नावाने कुणी एक मेणबत्ती लावली नाही. आता लावता येईल. आता कोण कुणाला परत पाठवतंय.

कोलिन : जातो मी. माझी टोपी कुठाय?

बाबिन : डोक्यावर आहे.

लोरेटा : आत्या, फादर प्रार्थनेत बाबांचं पूर्ण नाव विचारतील. काय सांगू? घरी सगळे त्यांना जिम म्हणायचे; जेम्स कॉनीली सांगू, की मल्केरिन? दोन्ही खोटं वाटतंय मला.

बाबिन : फादरला कागदावर आहे ते सांग, त्यांना वहीत लिहायचं असतं. पण मातीत ठेवताना तू स्वतः आपल्या इथल्या पद्धतीने सांग, आडनाव न घेता. आधी त्याचं, मग बापाचं, मग आजीचं.

लोरेटा : आजीचं नाव मला माहीत नाही. आजोबा नेहमी आई म्हणायचे. ते नाव आमच्या घरी कुणी उच्चारलंच नाही.

बाबिन : साबिना.

लोरेटा : साबिना.

बाबिन : जिम, फेस्टीचा, साबिनाचा. एवढं म्हण, आणि जरा मोठ्याने म्हण. तिला कळेल कोण आलंय ते.