बेल्जियमहून आलेला फोन

१९८६. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी, कॅम्पस बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर दोन मराठी विद्यार्थी बोलत होते.

"श्रीरंग, तुझा काँगोचा रूममेट फुटबॉल खेळतो का अजून?"

"मालोंगा? बेल्जियमच्या एका क्लबचा फोन आला होता. डिफेंडर म्हणून घेतायत त्याला."

"मग खूश असेल."

"त्याला सांगितलं नाही अजून."

"फोन कधी आला?"

"सोमवारी. उद्यापर्यंत कळवायचंय."

"अरे, काय हे?"

"कोल्हापुरात मीपण डिफेंडरच होतो यार. त्याच्यापेक्षा फास्ट. मला कुणी केला फोन?"

"फोन आला का म्हणून तो विचारत नाही?"

"रोज विचारतो. माझ्यासाठी भात लावता लावता विचारतो."

"क्लबचा नंबर कुठंय? मालोंगा आत्ता ग्राउंडवरच असेल."

श्रीरंगनं खिशातून चिठ्ठी काढली. ग्राउंडचा स्टॉप आला. तो उठला नाही. मित्रानं चिठ्ठी घेतली आणि एकटाच उतरला.