मयेकरचं हार्ड कोर्ट

टेनिसच्या हार्ड कोर्टाचं कौतुक करणारा कोणी भेटला, की हल्ली मी चहा अर्धा टाकून उठतो. कारण ऐका.

आमच्या सोसायटीत लाल मातीचं टेनिस कोर्ट होतं. मी आणि बोटीवरून निवृत्त झालेले बशीरभाई रोज संध्याकाळी तिथे खेळायचो. मातीवर चेंडू सावकाश येतो, त्यामुळे आमच्या वयातही तो कधीकधी सापडतो. गुडघेही कुरकुरत नाहीत.

सेक्रेटरी मयेकर मात्र दर मीटिंगला सुनवायचा, "काका, तुमचे मातीतले टेनिस हिरो घसरत घसरत जिंकतात. माझा हिरो बघा, हार्ड कोर्टवर कसा ताठ उभा राहून ठोकतो. आपणही माती काढून काँक्रीटचं हार्ड कोर्ट करू या."

शेवटी बशीरभाई म्हणाले, "एवढा अभ्यास आहे त्याचा, करू द्या." आम्ही ठरावावर सह्या केल्या.

काँक्रीट वाळलं आणि त्याच आठवड्यात बेसलाइनवर मयेकरची नवी गाडी उभी राहिली. नेट गुंडाळून कोपऱ्यात टाकलेलं.

मी विचारलं, "अरे, हे टेनिसचं कोर्ट आहे ना?"

तो शांतपणे म्हणाला, "हार्ड कोर्टाच्या मागे उगाच का लागलो होतो, काका? तुमच्या त्या मातीत चाकं रुतली असती."