खिडकीतून धरलेली जागा

हसू नका, चहा सांडंल. पण युरोपात आमची पिशवी आमच्याशिवाय फिरून आली!

रिटायर झाल्यावर मी अन् बायको दोन महिने तिकडं हिंडलो. स्वित्झर्लंडात एका गावी बस आली. दाराशी गर्दी दिसली अन् कळमनुरीच्या स्टँडवरची सवय जागी झाली. मी खिडकीतून पिशवी सीटवर टाकली. दाराशी पोचेपर्यंत सगळी गर्दी चढली अन् बस निघून गेली.

बायको किंचाळली, "अहो, दोघांचे पासपोर्ट त्यातच व्हते! काहून टाकली?"

"जागा धरली."

दोघं तिथंच थांब्यावर बसून राहिलो. तासाभरानं तीच बस परत आली. आत माणसं दांड्याला धरून उभी, अन् आमच्या सीटवर एकटी पिशवी बसलेली!

बायको म्हणाली, "जागा बराबर धरली व्हती तुमी. आपुन तेवढे ऱ्हायलो."