बाराव्या नंबरची गाडी

(सकाळचे साडेदहा. बैठकीच्या खोलीत भिंतीवर मोठा, जुना प्लाझ्मा टीव्ही चालू आहे. नणंद न कळवता आली आहे, आणि येताना आपल्या गल्लीतल्या टीव्ही मेकॅनिकला बरोबर घेऊन आली आहे. भावजय स्वयंपाकघराच्या दारात उभी.)

नणंद : बातम्या वाचणाऱ्या त्या बाईच्या गालाकडे बघा. दिसलं?

मेकॅनिक : दिसलं. गोल चकती आहे. वर कपाळावर कसला तरी आकडापण आहे.

नणंद : मागच्या रविवारी पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझाच चष्मा गेला. हिला विचारलं तर म्हणाली, सिग्नल नीट येत नाही.

भावजय : मला तसंच वाटलं, वन्सं. मला त्यातलं काय कळतंय?

मेकॅनिक : सिग्नल असा ठाण मांडून बसत नाही, वहिनी. चॅनेल बदला बरं. हं. बाई गेली, चकती तिथंच. हा पडद्यावर बसलेला ठसा आहे. प्लाझ्माच्या काचेमागे बारीक बारीक लाखो दिवे असतात. एकच चित्र एका जागी तासन्‌तास राहिलं की तेवढे दिवे दमतात. मग दुसरं चित्र आलं तरी पहिलं सोडत नाहीत. आमच्या सासूबाईंसारखं, एकदा मनात धरलं की धरलं.

नणंद : सासूबाई राहू द्या. चित्र कसलं आहे ते सांगा.

मेकॅनिक : गेम आहे, ताई. गाड्यांच्या शर्यतीचा. ही चकती म्हणजे वेगाचं मीटर. डावीकडे हा रस्त्याचा नकाशा.

नणंद : मला वाटलंच होतं. हे बसायला किती वेळ खेळावं लागतं?

मेकॅनिक : अधूनमधून खेळून नाही बसत. रोज तीनचार तास तरी, आणि तेही बरेच दिवस.

नणंद : ऐकलंस? माझा भाऊ गेला महिनाभर दौऱ्यावर आहे. म्हणजे घरात तू आणि बाबा. आता सांग, कोण खेळतं?

भावजय : मी.

नणंद : तू?

भावजय : दुपारी कंटाळा येतो. म्हणून खेळते.

नणंद : आणि तू शर्यतीत असताना बाबा कुठे असतात?

भावजय : मामंजी असतात की इथेच. घरातच.

नणंद : घरातच. बहात्तर वर्षांचा माणूस, दोन वर्षांमागे चक्कर येऊन दवाखान्यात गेलेला, तो एका खोलीत, आणि सूनबाई टीव्हीसमोर गाड्या पळवतायत. मला शंका होतीच. कुठे पाणी मुरतंय तेवढं कळत नव्हतं.

भावजय : कसली शंका?

नणंद : बाबांचे फोन. रोज दोनदा येतात. सकाळी अकराला एक, संध्याकाळी पाचला एक. "बरी आहेस ना?" एवढंच विचारतात. मी म्हणते, मी बरी आहे, तुमचं काय? की ठेवला फोन. सुखात असलेला माणूस असं करतो? काहीतरी सांगायचं असतं पण शेजारी कुणी उभं असतं, तेव्हा माणूस असा बोलतो.

भावजय : तुम्ही माझ्याबद्दल असा विचार करता, हे माहीत नव्हतं मला.

नणंद : मग काय करू? त्यांची पिशवी भरून ठेव. न्हाव्याकडून आले की माझ्याकडे घेऊन जाते. चार दिवसांसाठी नाही, कायमचं.

भावजय : त्यांना विचारा तरी.

नणंद : तुझ्यासमोर विचारून ते काय सांगणार?

मेकॅनिक : ताई, जरा तो खिडकीचा पडदा ओढता का? मी सगळा टीव्ही पांढरा करून बघतो, म्हणजे ठसा किती खोल आहे ते कळेल. आता बघा. अरेच्चा.

नणंद : काय झालं?

मेकॅनिक : काटा दिसतोय. शर्यतीत काटा एका जागी राहतो कधी? तो सारखा नाचत असतो, त्यामुळे त्याचा ठसा बसत नाही. इथे काटा शून्यावर, आणि कसा रेखीव बसलाय. शेजारी हँडब्रेकचा दिवा. म्हणजे गाडी उभी आहे. इंजिन चालू, शर्यत चालू, आणि ही आपली रस्त्याच्या कडेला उभी. रोज, तास-दोन तास. वरचा आकडा पण बघा, बारापैकी बारावा. वीस वर्षं या धंद्यात आहे, असला खेळाडू नाही पाहिला.

नणंद : शर्यत लावायची आणि गाडी कडेला उभी करायची? का गं?

भावजय : स्वयंपाकाला उठावं लागतं मध्येच.

मेकॅनिक : मग मधलं बटण दाबायचं ना, वहिनी. खेळ थांबतो, पडदा मंद होतो. ठसा बसला नसता.

भावजय : बटणाचं लक्षात नाही आलं.

मेकॅनिक : आणि क्लच? कपाटाखाली तो पायाने दाबायच्या पेडलचा सेट दिसतोय, म्हणजे क्लच असणार. कुठल्या पायानं दाबता?

भावजय : उजव्या.

मेकॅनिक : उजव्या. क्लच डाव्या पायाला असतो, वहिनी. बरं. मी माझं काम करतो.

नणंद : थांबा. अगं, तू सायकलवरून उतरताना भिंत शोधतेस. तुला गाडी चालवता येत नाही. तू खोटं बोलतेयस आणि तेही धड रेटून बोलता येत नाहीये. कोण येतं इथं दुपारचं?

भावजय : वन्सं, काहीतरी बोलू नका.

नणंद : मग सांग ना. कोण शर्यतीत गाडी बाजूला घेऊन, हँडब्रेक ओढून, इंजिन चालू ठेवून तास-दोन तास...

भावजय : वन्सं, पुरे ना.

नणंद : जेवायला जातं.

भावजय : मी शब्द दिलाय, वन्सं. मला विचारू नका.

नणंद : बाबा शेवटच्या थांब्यावर असंच करायचे. हँडब्रेक ओढायचे आणि मग डबा उघडायचे. हिवाळ्यात इंजिन बंद करायचे नाहीत, पुन्हा सुरू व्हायला त्रास देतं म्हणून. लहानपणी मी डबा घेऊन जायचे ना. बाबा खेळतात?

मेकॅनिक : तुमचे बाबा ड्रायव्हर होते?

नणंद : एकतीस वर्षं बस चालवली.

मेकॅनिक : मग बारावा नंबर बरोबर आहे.

भावजय : चाळीसच्या पुढे काटा नेत नाहीत. बाकीचे अकराजण भुर्रकन जातात, आणि हे प्रत्येकाला हात दाखवून वाट देतात. मी मागे भाजी निवडत बसते. गाडी चालू असताना मला उठू देत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या झाल्या की म्हणतात, थांब, पुढच्या वळणावर उतरवतो. एकदा भात करपला, पण उतरू दिलं नाही.

नणंद : आणि ते बटण?

भावजय : दाखवलं होतं. दाबलं की रस्ता नाहीसा होतो. तर म्हणाले, थांबायचं म्हणून रस्ताच नाहीसा करायचा? मग ब्रेक कशाला दिलाय? जेवण, मग झोप, सगळं होईपर्यंत गाडी तिथंच उभी. फेरी अर्धवट टाकायची नाही म्हणतात.

नणंद : पण लपवायचं काय त्यात? मला का नाही सांगितलं?

भावजय : तुम्हालाच नाही सांगायचं म्हणाले. दोन वर्षांमागे त्यांना गाडीत चक्कर आली, गाडी खांबाला लागली. दवाखान्यात तुम्ही त्यांचा हात तुमच्या डोक्यावर ठेवून घेतला. आठवतं?

नणंद : आठवतं. "पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही" असं म्हणायला लावलं. मी घाबरले होते गं. आई गेल्यावर मला एवढेच उरलेत.

भावजय : पुढे सहा महिने ते खिडकीशी बसून होते. जेवणावरून मन उडालेलं. ह्यांनी हौसेनं आणलेलं ते खेळाचं चाक कपाटावर पडून होतं, ते मीच काढून दिलं. दोन दिवस नुसतं पुसत बसले. म्हणाले, स्टिअरिंग ते स्टिअरिंग, मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय. तिसऱ्या दिवशी बसले. पण बसायच्या आधी फोन उचलला.

नणंद : अकराला.

भावजय : शपथ मोडली की जिच्या डोक्यावर हात ठेवला तिचं काहीतरी वाईट होतं, अशी भीती आहे त्यांना. मी पुष्कळ समजावलं, हसूनही घालवलं. ऐकत नाहीत. बसायच्या आधी एक फोन, उतरल्यावर एक. तुमचा आवाज खणखणीत आला की चेहरा बघण्यासारखा असतो. मला सांगतात, बरी आहे पोरगी. मग दोन घास जास्त जेवतात.

नणंद : आणि मला वाटायचं, तू शेजारी उभी राहून...

भावजय : शेजारी उभी असतेच मी. फोन लावून मीच देते. त्यांना आकडे दिसत नाहीत नीट.

नणंद : मी तुला नाही नाही ते बोलले. परक्या माणसासमोर बोलले. मला लाज वाटतेय.

भावजय : मीही खोटंच बोलले की तुमच्याशी. आणि तेही क्लच उजव्या पायाला लावून.

मेकॅनिक : मी परका नाही, मी मेकॅनिक आहे. ऐकलेलं टीव्हीतच ठेवतो. ठसा जाईल, ताई. जळलेला नाहीये, नुसता दमलेला आहे. मी उजेड कमी करून ठेवतो. उद्या सकाळपर्यंत हा पांढरा पडदा असाच चालू राहू दे. आणि पुढे त्यांना सांगा, गाडी लावली की नुसता टीव्ही बंद करा, गाडी तिथंच उभी राहते. बसचे दिवे घालवतातच ना?

भावजय : हे पटेल त्यांना.

नणंद : पिशवी नको भरूस. आले की मी त्यांच्यासमोर बसते आणि म्हणते, शपथ सुटली. घातली मी, सोडवायचीही मीच.

भावजय : वन्सं, पण मग ते फोन करायचे थांबतील. एरवी त्यांना फोनवर बोलायला आवडत नाही. तुम्हाला माहितीये.

नणंद : माहितीये. हे फोन सुरू होण्याआधी त्यांच्याशी एवढं बोलणं कधी झालं नव्हतं माझं.

भावजय : मग? राहू दे का तसंच?

नणंद : नको. भीत भीत नको चालवायला. उद्यापासून मी करीन फोन. तू फक्त सांग, ते जेवायला किती वाजता उतरतात.