तिसऱ्या शर्यतीतला धवला

(उल्हासनगर कॅम्प ४, हितेशचं घर. सुट्टीची सकाळ. टेबलावर लॅपटॉप, बाजूच्या खुर्चीत त्याची आजी कमळाबाई. कॉम्प्युटरमधली जाणकार, ओळखीची जिज्ञासा मदतीला आली आहे.)

हितेश: बघ ना ताई, गाडीचा आवाज येतोय. ब्रेकचा येतोय. आपटली की काच फुटल्याचा पण येतोय. फक्त गाणं गायब. सगळ्या सेटिंग्ज फिरवून झाल्या. काल तर नवे स्पीकर आणले.

जिज्ञासा: स्पीकर कशाला? ब्रेक ऐकू येतोय ना?

हितेश: दुकानदार बोलला, साईं, पुराने गेम को बेस चाहिये.

जिज्ञासा: त्याला स्पीकर विकायचे होते.

कमळाबाई: वेनूचा आवाज कवा येल?

जिज्ञासा: बघते, आजी. हितेश, आधी नीट सांग. फोनवर तू एवढंच म्हणालास, की आजी हळदीला गाणार नाही आणि ती या जुन्या गेमची चूक आहे.

हितेश: मग आहेच. परवा उन्नतीची हळद. बहीण एकुलती एक. आणि आजी बोलते, देवांना बोलवायचा धवला म्हणणार नाही, डीजे लावा.

कमळाबाई: अर्धा धवला म्हनत नसतात. वेनू ओल टाकायची, मी उचलायची. गावातली सगली लग्नं आमी दोगींनी अशीच लावली. वेनूला देवानं नेलं, ती आपल्या ओली पन घेऊन गेली.

जिज्ञासा: आणि तुझ्या ओळी? त्या आठवतात?

कमळाबाई: सगल्या. ‘तिला पाटाव बसवा.’ ‘तिला विडा द्या.’ ‘तिची वटी भरा.’

जिज्ञासा: कोणाची?

कमळाबाई: तेच तर वेनूला ठावं. मांडवात कोन्या कोन्या देवीला बोलवायचं, कोनाच्या मागून कोन, ते सगलं तिच्याकं. मी पाटाव बसवनार. पन बसवू कोनाला, बाय? एक म्हातारी चुकली तर पोरीला जल्मभर ऐकून घ्यावं लागल.

हितेश: आणि ते सगळं आमच्या अमितदादाने या गेममध्ये टाकलेलं. आजी त्याला कॉम्प्युटर लावू द्यायची नाही, डोळे जातील म्हणायची. मग भाईने माईक आणला, या दोघींना हॉलमध्ये बसवलं आणि धवला रेकॉर्ड केला. गेमच्या सीडीची स्वतःची कॉपी बनवली, त्यात तिसऱ्या शर्यतीचं इंग्लिश गाणं उडवलं आणि तिकडे हा टाकला. त्याच्यानंतर आजीच बोलायची, अमित्या, गाडी लाव.

कमळाबाई: आमी दोगी मागं बसायचो, सुपारी कातरीत. तिसऱ्या शर्यतीला पोचला का आमचा आवाज. गाडी मेली का आमी पन मेलो.

जिज्ञासा: मूळ रेकॉर्डिंग अमितकडे नाही?

हितेश: फोन केला ना. बोलला, तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, पण सीडी आईच्या कपाटात असेल. मी शोधली. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून दुकानातून कॉपी करून आणली. मग तो प्रोग्रॅम टाकला, जुना कॉम्प्युटर असल्याचं सोंग करतो तो.

जिज्ञासा: एम्युलेटर. तो ठीक आहे. सोंग चांगलं करतोय. कॉपी दाखव. ही आयएसओ फाईल आहे. केवढीशी आहे बघितलंस?

हितेश: छोटी आहे ते बरंच की.

जिज्ञासा: अशा सीडी काठापर्यंत भरलेल्या असायच्या. मग बाकीची गेली कुठे? हे बघ, त्या वेळच्या गेमच्या सीडीवर आधी गेम असायचा आणि त्याच्या पुढे साधी गाणी, कॅसेटवर असतात तशी, ओळीने. गेम स्वतः गात नव्हता. तो ड्राइव्हला फक्त सांगायचा, आता अमुक गाणं लाव. ब्रेकचा आवाज गेममधलाच, म्हणून तो आला. आयएसओ फाईल नुसता गेम उचलते. गाणी सीडीवरच राहतात.

हितेश: म्हणजे मी वऱ्हाडाची बस घेऊन आलो आणि बँडवाले मागेच राहिले.

जिज्ञासा: तसंच. सीडी दे. मी अंबरनाथच्या आमच्या लॅबमधून ड्राइव्ह मागून आणलाय. या वेळी बँडवाल्यांसकट आणू.

हितेश: सीडी.

जिज्ञासा: हो, सीडी.

हितेश: ताई, कॉपी झाली होती ना. मला वाटलं, आता तिचं काय काम.

जिज्ञासा: कुठे आहे?

कमळाबाई: कबुतरांकं.

हितेश: बाल्कनीत टांगली. चमकलं की कबुतरं येत नाहीत, सगळ्या बिल्डिंगमध्ये टांगतात.

जिज्ञासा: आणि येत नाहीत?

हितेश: तिच्याच दोरीवर बसतात.

जिज्ञासा: हितेश, घरी बनवलेल्या सीडीत एक रंग असतो. सगळं त्या रंगात लिहिलेलं असतं. उन्हात रंग उडतो. चमकणारी बाजू बाहेर आहे की आत?

हितेश: बाहेर. म्हणजे मी बाहेर केली होती. थांब. आत आहे. आणि दोन दोऱ्यांनी बांधलीय. ही कोणी फिरवली?

कमळाबाई: मी. समोरची भाभी बोलली, तुमचा उजेड माज्या देवाच्या तोंडाव नाचतो. मंग उलटी करून घट बांधली. परत फिराय नको.

हितेश: म्हणून कबुतरं येतायत! मी उगाच दुसरी सीडी शोधत होतो.

जिज्ञासा: बाहेरच्या बाजूला अमितने चिकटवलेला कागद आहे. ऊन त्याने झेललं. शिट्या पण त्यानेच. आजी, तू काय केलंस तुला माहीत नाही.

कमळाबाई: माहीत हाय. भाभीचं ऐकलं.

जिज्ञासा: साबणाचं पाणी आण, हितेश. मऊ फडकं. गोल फिरवायचं नाही, मधून काठाकडे सरळ पुसायचं.

कमळाबाई: ह्यो ताट पन कवा घासत नाय. तूच पूस.

हितेश: किती हळू वाचतोय हा ड्राइव्ह. स्पीड वाढव ना.

जिज्ञासा: मीच कमी केलाय. जुनी सीडी पळवली की ती थकते. बस जरा.

हितेश: झालं? दोन फाईली आल्या.

जिज्ञासा: मोठीत सगळा माल आहे. छोटीत एवढंच, की कोणतं गाणं मोठीत कुठून सुरू होतं. एम्युलेटरला छोटी दाखवायची, मोठी तो स्वतः शोधतो. मी चहा ठेवते, तू लाव.

हितेश: ताई, आता तर गेम पण सुरू होत नाही.

जिज्ञासा: काय केलंस?

हितेश: काही नाही. मोठ्या फाईलच्या नावाआधी ‘श्री’ लावलं. कारखान्यात आम्ही प्रत्येक फाईलला लावतो. जीन्सचं कटिंग असो नाहीतर जीएसटी.

जिज्ञासा: छोटी फाईल तिला जुन्या नावाने हाक मारते. श्री काढ.

कमळाबाई: माजं पन असंच झालेलं. लगीन झाल्याव नाव बदललं. सासरी कोन कमला म्हनून हाक मारायचं, मी आपली वलूनच बघायची नाय. सासू बोलली, पोर बहिरी दिली.

हितेश: सॉरी देवा. काढलं. चालू झालं. आणि हे बघ, पहिल्या शर्यतीला इंग्लिश गाणं पण आलं.

जिज्ञासा: मग तिसरं पण असेल. हवं तर मी ते फाईलमधून सरळ वेगळं काढते, खेळायची गरज नाही.

कमळाबाई: नको. गाडी लाव.

हितेश: आजी, मी दादासारखा नाही खेळत. दुसरीतच मरतो.

कमळाबाई: मी सांगते ना. फुडं पूल हाय, तिकडं दाबू नको. आता डावीकडं. अरे डावीकडं, जेवतो त्याच्या दुसऱ्या हाताला. आता सोड. आता दाब.

हितेश: ताई, हिला सगळा रस्ता पाठ आहे.

जिज्ञासा: तू समोर बघ. तिसरी सुरू होतेय.

वेणूबाईचा आवाज: मांडवाच्या दारी गावदेवी आली गो…

हितेश: आला. ताई, आला.

जिज्ञासा: गाडी सांभाळ.

कमळाबाई: ही मदीच कोन बोलते?

जिज्ञासा: तूच आहेस, आजी. तेव्हाची.

कमळाबाई: लई घाई करते. वेनूची ओल पुरी होऊ तर दे.

जिज्ञासा: आजी, हे मी मोबाईलवर टाकून देते. परवा हळदीला तेच लावू. तुला गायला पण नको.

कमळाबाई: हळदीला मी म्हननार. आता ओली आल्या ना. तिला तेवडी गप बसव.

हितेश: वेणूआजीला?

कमळाबाई: मना. त्यातल्या कमलाला.

जिज्ञासा: हितेश, वेणूआजीची ओळ संपली की एस्केप दाब. गेम थांबला की गाणं थांबतं. आजीचं म्हणून झालं की परत दाब.

हितेश: ताई, तो ट्रक—

जिज्ञासा: ट्रक पण थांबेल.

वेणूबाईचा आवाज: तिच्या मागून आली वडाखालची म्हातारी गो…

कमळाबाई: तिला पाटाव बसवा. तिला विडा द्या.

हितेश: सोडू का आता?

कमळाबाई: थांब जरा. वेनू दम घेते.