मोठा डबा घेतला असता तर

आमच्या रिसोडच्या घरी एक नियम आहे आणि त्यावर ‘कायले?’ विचारायचं नाही. दसऱ्याला यंत्राची पूजा झाली, की ते दिवसभर बंद.

गल्लीतल्या पोरापोरींसाठी मी गेमचा सर्व्हर बांधला, तेव्हा काका म्हणाले होते, “कॉम्प्युटरचा मोठा डबा घे.” मी इन्व्हर्टरवर टिकणारा छोटा घेतला. छोटा, म्हणून काकांना सहज उचलता आला. दसऱ्याच्या सकाळी पाहते तर तो ट्रॅक्टरशेजारी हार घालून बंद! आणि पुण्याला कामाला गेलेल्या मैत्रिणींसोबत दुपारी आमचा पहिला सामना.

“आज त्याले आराम दे, पोरी.”

“मग तुमचा मोबाइलही पूजेत ठेवा, काका. सकाळपासून तोच राबून राह्यला.”

काकांचा हात खिशावर गेला.

“मी बंद ठेवणार नाही,” म्हणत मी वायर जोडली. बाबा आजोबांकडे पाहू लागले, आजोबा ट्रॅक्टरकडे.